सारजाबाईंचे सोळा तास

योगिनीचे दिवस भरत आले, तेव्हा सणसरच्या सारजाबाईंना अमेरिकेला जाणं भाग पडलं. लेकीला सासू नव्हती, बाळंतपण करायला दुसरं कोण? चार म्हशी आणि उसाची लागण टाकून तिच्या वडलांना, दत्तोबांना मात्र हलता येत नव्हतं.

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा हजार किलोमीटर, विमान मधे कुठं उतरत नाही, असं योगिनीनं फोनवर सांगितलं होतं. किलोमीटरचं दत्तोबांना काही वाटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग सोळा तास हिचा फोन लागायचा न्हाय?"

मंगळवारी धाकटे दीर शंभूराज सारजाबाईंना मुंबईला सोडून आले. विमान दुपारी दोनला उडालं. संध्याकाळी सातला दत्तोबा धार काढता काढता गोठ्यात कलंडले. बारामतीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

शंभूराजनं योगिनीला कळवलं. तिकडे नुकतं उजाडलं होतं. आई अजून दहा तास आकाशात असणार होती. भरल्या दिवसांची योगिनी दिवसभर फोनच्या नकाशावर ते विमान सरकताना बघत बसली.

सारजाबाई विमानतळाबाहेर आल्या त्या हसतच. शेजारच्या पोरीनं पट्टा कसा लावून दिला, झोप कशी छान लागली, सगळं एका दमात सांगायला लागल्या. बोलता बोलता लेकीच्या तोंडाकडं बघून थांबल्या.

"आई, आबा गेले," योगिनी म्हणाली.

"कवा?"

"मंगळवारी. संध्याकाळी सातला."

सारजाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. साडेसहा वाजले होते, बाहेर ऊन होतं. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागं, त्यामुळं तिथं अजून मंगळवारच चालू होता.

"हितं तर सात वाजायचं हायत," त्या म्हणाल्या. "लाव त्यास्नी फोन."

योगिनीनं फोन लावला. तो शंभूराजनं उचलला.

तसंच माघारी फिरलं तरी सणसर गाठायला दीड दिवस लागणार होता. शंभूराज म्हणाले, वैनी, तुमी म्हणाल तर थांबतो. सारजाबाईंनी आधी दत्तोबांचं तोंड दाखवायला सांगितलं. पडद्यावर ते बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "नगा थांबू, भाऊजी. न्या त्यास्नी."

आठव्या दिवशी योगिनीला मुलगी झाली. ओल्या बाळंतिणीपुढं रडायचं नाही, म्हणून सारजाबाई रडल्या नाहीत. बाळाला तेल लावलं, न्हाऊ घातलं, लेकीला डिंकाचे लाडू करून घातले. सुनं कपाळ बघून लेकीचेच डोळे भरायचे, तर तिलाच समजावलं. असे साडेतीन महिने काढले.

परत आल्या तेव्हा घरी सगळं उरकलं होतं. तेरावा होऊन गेला होता. दोन म्हशी विकल्या होत्या. लागण कमरेला आली होती. गल्लीतल्या बायका भेटायला आल्या, त्यांनी नातीचं नाव विचारलं, फोटो मागितले. सारजाबाईंनी फोटो दाखवले आणि दाखवता दाखवताच हंबरडा फोडला.

शेजारच्या कुशाबाई पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "आता किती दिस झालं, सारजा. आवर."

"तुमाला झालं. मी तर आत्ता आले."

 बायकांचं रडून कधीच झालं होतं. सारजाबाई एकट्याच रडत राहिल्या, आणि बाकीच्या भोवतीनं बसून राहिल्या.