चिवडलेला नळ

नळ त्याच्या हातात आला आणि भिंतीतून पाण्याची धार सुटली. समोर परातीत माझा वर्षाचा मसाला, कालच कांडून आणलेला. भरली परात मला उचलेना.

"आधी कॉक बंद केलास का रे?"

"तेच राहिलं, आजी. टेन्शन नका घेऊ."

जुईनगरच्या आमच्या सोसायटीत प्लंबर हाच. नळाला नमस्कार करतो, मग काम चिवडतो. चिवडणं म्हणजे धड चाललेली वस्तू हात घालून बिघडवणं. वर विचारतो, "झालं की नाही झ्याक?"

त्या दिवशी मात्र तो धारेला पाठ लावून उभा राहिला. मोरीतला गंजलेला कॉक मी लाटण्याने ठोकून बंद करेपर्यंत हलला नाही.

मसाल्याला थेंब लागला नाही. नळ अजून गळतो. भिजला तो एकटाच.