सखूचा राहता पत्ता

आमच्या ह्यांच्या मामांचा स्वतःच्या जन्मतारखेवरसुद्धा विश्वास नव्हता. ती त्यांना आईकडून कळली होती आणि घरच्या माणसाची साक्ष मामा धरत नसत. निजामाच्या अमदानीत त्यांनी तहसिलीत पेशकारी, म्हणजे कागद तपासून पुढं ठेवायची कारकुनी केली. निजामाचं राज्य गेलं, मामांची तस्दीक, म्हणजे खातरजमा करायची खोड, राहिली. दूध विकत घेण्याआधी ते म्हैस पाहून येत. पाहुणा "जेवून आलो" म्हणाला तर काय जेवला ते विचारत आणि जमलं तर त्या घरी खात्रीही करून घेत. देवळात जाताना एक चप्पल या दाराशी काढत, दुसरी त्या दाराशी. "चोराला जोड लागती, सूनबाई." दर्शनानंतर एका पायात चप्पल घालून देवळाला वळसा घालणारे मामा साऱ्या गावानं पाहिले आहेत.

मी तेव्हा गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत शिकवत होते. गरीब, निराधार मुलांना तिथं दुपारी भुकटीचं दूध आणि गावानं दिलेल्या ज्वारीच्या घुगऱ्या फुकट मिळत. कोण पात्र ते ठरवायला पंचांनी मामांना बसवलं. पंचांनी जन्मात केलेलं एवढं एकच शहाणपण, असं मामांचं मत होतं. पोरक्या मुलालाही ते विचारत, "बाप मेल्याचं कुणी पाहिलं?"

खरीप निघाल्यावर धनगरांचे कळप आले आणि सखू शाळेत येऊन बसली. आठ-नऊ वर्षांची, आई नसलेली. बाप दिवसभर मेंढ्यांमागं असायचा.

"गाव कंचं तुझं?" मामांनी विचारलं.

"मेंढ्या बसत्यात तितं."

"आज कुठं बसल्यात?"

"वढ्याच्या पल्याड."

"आन् उद्या?"

"बाला ठावं."

मामा माझ्याकडं वळले. "बघ. पत्ताच चालायलाय. ही दुसऱ्या गावच्या शाळेतबी जेवत नसंल कशावरून?"

दुसऱ्या दिवशी ते छत्री घेऊन शेजारच्या दोन्ही गावांना पायी जाऊन आले. "न्हाई जेवत," त्यांनी सांगितलं.

"मग लिहा नाव."

"नियमात 'गावात राहणारी' असं हाय. राहती कुठं, त्याचा सबूत न्हाई."

"मामा, भूक राहते की गावात."

"भुकंचं मला सांगू नको. कागदाचं बोल."

चार दिवस सखू बाकीच्यांच्या वाट्यांकडं न बघण्याचा प्रयत्न करत बसली. पाचव्या दिवशी मी माझ्या डब्यातली भाकरी तिला दिली, तर मामांनी मलाच विचारलं, "तू का जेवली न्हाईस?"

सोमवारी यादीत सखूचं नाव होतं. राहणार: मामांचं नदीकाठचं शेत. खाली मामांची सही. सखू तोंडावर दुधाची पांढरी मिशी घेऊन घुगऱ्या खात होती. मला मात्र ते पटेना. हा माणूस खोटं लिहिणं शक्य नव्हतं, आणि त्या शेतात धनगराला पाऊल टाकू देणं त्याहून अशक्य होतं. शाळा सुटल्यावर मी सरळ शेत गाठलं.

शेतभर मेंढ्या बसल्या होत्या. आमच्याकडं शेतकरी असा कळप रात्री शेतात बसवून घेतात. जमिनीला लेंडीखत मिळतं, धनगराला ज्वारी. मामांनी हे कधी केलं नव्हतं. मेंढ्या आपलं कुंपण खातात आणि शेजाऱ्याला खत देतात, असा त्यांना संशय होता. आता ते बांधावर छत्री उघडून उभे होते आणि पलीकडं सखूच्या बापानं चूल मांडली होती.

"तस्दीक करायला आलीस?" मामा म्हणाले.

"पोरीसाठी केलंत ना हे?"

"खतासाठी. जमीन लय हलकी झाली."

त्याच शेतात आठवड्यापूर्वी मामांनी शेणखताच्या गाड्या ओतून घेतल्या होत्या. गाड्या जाताना मी स्वतः पाहिल्या होत्या. जन्मभर दुसऱ्यांच्या खोट्या साक्षी शोधणाऱ्या माणसाची मला सापडलेली ही एकच. मी ती धरली नाही.

मेंढ्या पंधरा दिवसांनी राणीसावरगावकडं निघून गेल्या. नाव तसंच राहिलं. दुपारी सगळ्यांना वाढून झालं, तरी मामा शेवटची एक वाटी झाकून ठेवायला लावत आणि दाराकडं बघत बसत. मी म्हटलं, "मामा, गेली ती. नाव खोडा आता."

"गेली म्हणून कोण म्हणतं? सबूत आण."

मामांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तो सबूत मी कधी आणला नाही.