फुकट जाणारा व्हिसा

रवींद्र ठोसर हा बॉस्टनजवळच्या आमच्या श्रूजबरीचा बिनपगारी व्हिसापंडित. कुणाचं एक्स्टेन्शन अडलं, कुणाच्या बायकोचा कागद हरवला, की फोन रवीला. हा अकोल्याचा ब्रह्मचारी भात ढवळता ढवळता सगळ्यांना धीर द्यायचा. त्याचा तो सर्वज्ञ सूर माझ्या डोक्यात जायचा. पण माणूस सोन्यासारखा.

२००६ साली ऑफिस आम्हा दोघांना लिस्बनच्या क्लायंटकडे पाठवणार होतं. युरोपचे व्हिसा आले आणि मीटिंगच कॅन्सल झाली. मे महिन्यातल्या एका गुरुवारी रवी माझ्या टेबलाशी आला.

"केदार, व्हिसा रविवारी संपतोय यार. फुकट जाणार! उद्या संध्याकाळी बॉस्टनहून फ्लाइट आहे. चल."

"आणि काकू?" मी विचारलं. त्याची आई, वसुधाकाकू, सोमवारी बॉस्टनला उतरणार होती. एकटी बाई, पहिलाच विमानप्रवास. वर्षानुवर्षं नाही म्हणत होती. विमानतळावर तू स्वतः न्यायला येशील तरच, या एका अटीवर तयार झाली होती.

"आपण रविवारीच परत येतोय ना!"

व्हिसा वाया जाऊ नये म्हणून अख्खा समुद्र ओलांडायचा, हे आपल्याच माणसांना सुचतं. माझी बायको चैत्राली म्हणाली, "जा बाबा, नाहीतर वर्षभर कुरकुर ऐकावी लागेल."

लिस्बनचा शनिवार झकास गेला. चढाच्या गल्ल्या, निळ्या फरशांनी मढवलेल्या भिंती, खडखडत वळणारी पिवळी ट्राम आणि नदी समुद्राला मिळते तिथला भन्नाट वारा. खारवलेल्या माशांच्या दुकानापुढून शाकाहारी रवी नाक दाबून पळाला, आणि पुढच्या बेकरीत अंडं नसेलच असं परस्पर ठरवून कस्टर्डच्या टार्टवर तुटून पडला. दर वळणावर म्हणायचा, "आईला इथं आणलं पाहिजे."

रविवारी विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने त्याचा पासपोर्ट दोनदा चाळला आणि अमेरिकेचा व्हिसा मागितला. रवीने ऐटीत एक्स्टेन्शनचा कागद पुढे केला. तिने मान हलवली. हा कागद अमेरिकेत राहण्याचा. आत शिरायला पासपोर्टातला व्हिसा लागतो, आणि तो तर एप्रिलमध्येच संपला.

"पण कॅनडाहून येताना चालतं!" रवी म्हणाला.

चालायचं, खरंच. व्हिसा संपलेल्या कितीतरी जणांना त्याने नायगाराची पलीकडची बाजू बघायला धाडलं होतं आणि सगळे सुखरूप परतले होते. पण ती सवलत शेजारच्या देशापुरती, हे पंडिताला आत्ता आठवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तोंडावर आलेल्या शिव्या मी त्याचा पांढराफटक चेहरा बघून गिळल्या.

माझा व्हिसा धड होता, मला बोर्डिंग पास मिळाला. रवीला अमेरिका घेईना, आणि युरोपचा व्हिसा त्याच रात्री संपत होता. मुंबई गाठायची आणि तिथे नवा व्हिसा मिळेपर्यंत वाट बघायची, एवढाच मार्ग उरला. त्याला किती आठवडे लागतील, कोण जाणे.

"काकूंना फोन लाव," मी म्हणालो. "अजून मुंबईत भावाकडेच असतील. निघू नका म्हणून सांग."

फोन मामेभावाने उचलला. आत्या दारातच आहे, देतो, म्हणाला. रवीने डोळे मिटले.

"आई? हो, सगळं ठीक. विमानात पाणी पीत राहा. हो गं, येतो की न्यायला."

त्याने फोन ठेवला. माझं टाळकं सरकलं. "खोटं कशाला बोललास?"

"खरं सांगितलं तर ती विमानात बसणार नाही, केदार. आणि पुन्हा कधीच निघणार नाही. तू जा. तिला तुझ्या घरी ने."

सोमवारी बॉस्टनच्या विमानतळावर आम्ही दोघं वेळेआधीच जाऊन उभे राहिलो. साडी, स्वेटर आणि कोरे करकरीत बूट घातलेल्या काकू ट्रॉली ढकलत बाहेर आल्या. मी आणि चैत्रालीने वाकून नमस्कार केला, तरी त्यांची नजर आमच्या मागेच शोधत होती.

"रवी कुठाय?"

मी सगळं सांगून टाकलं. फोनचंही.

"म्हणजे मी इथं, अन् तो तिकडं?"

"हो काकू. व्हिसाची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत अकोल्याला राहील."

ट्रॉलीचा दांडा घट्ट धरून त्या उभ्या राहिल्या. आता रडतील किंवा मला झापतील, म्हणून मी खाली मान घातली.

"त्याला फोन लाव," त्या म्हणाल्या. "घराची किल्ली शेजारच्या शोभाकडे आहे म्हणावं. फ्रिज बंद करून आले मी, घरात दूधसुद्धा नाही. तिच्याकडेच जेव म्हणावं, लाजू नको."