स्प्रिंग अजून उतरतेय

दुपारचं जेवण उरकून कुमुदबाई देवस्थळी पलंगावर आडव्या होतात. डोळा लागतो न लागतो तोच शेजारून आवाज येतो, "सतरावं मिनिट. अजून उतरतेय."

वाघमोडे. प्रयोगशाळेतले त्यांचे मदतनीस. जाऊन एकोणीस वर्षं झाली. उशाशी स्टुलावर बसून ते लांबी मोजायच्या छोट्या दुर्बिणीला डोळा लावून आहेत. समोरच्या काचनळीत क्वार्ट्झची केसासारखी स्प्रिंग, तिच्या टोकाच्या पारड्यात चिमूटभर स्फटिक. बेंझिनची वाफ स्फटिकांच्या छिद्रांत शिरते, वजन वाढतं, स्प्रिंग लांबते. किती वेगानं शिरते, एवढंच दोघांनी वर्षानुवर्षं मोजलं. स्फटिक भरले की स्प्रिंग थांबायची.

आज ती थांबत नाही. बाई आकडे लिहितायत. वही संपते, मग त्या चादरीवर लिहू लागतात. चादर इस्पितळाची आहे. खाटेवर वाघमोडेच पडलेत, डोळा तसाच दुर्बिणीला.

प्रयोगशाळेत एका वर्षी बेंझिनच्या नळीची काचेची तोटी गळत होती. गोडसर वास येतोय म्हणून वाघमोड्यांनी दोनदा सांगितलं, तर एवढी रीडिंगची मालिका पुरी होऊ द्या, असं बाईंनीच म्हटलं होतं. पुढे वाघमोड्यांना रक्ताचा कॅन्सर निघाला. त्या वाफेनंच झाला, असं कुठल्या डॉक्टरनं सांगितलं नाही. नाही, असंही कुणी म्हणालं नाही.

"वाघमोडे, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का?"

ते डोळा हलवत नाहीत. "वास कळत होता, बाई. तुम्ही लिहीत होतात, म्हणून बसलो."

"उठून जायचं होतंत."

"रीडिंग कोण घेणार?"

ते रागावलेले नाहीत. रागावले असते तर माफी तरी मागता आली असती.

वॉर्डाच्या भिंतीतून तीच तोटी बाहेर आलीय. बाई ती दोन्ही हातांनी आवळतात. ती घट्ट बसते. स्प्रिंग मात्र उतरतच राहते. पारडं फरशीला टेकतं, फरशीच्याही खाली जातं.

"आता बंद करून काय, बाई," वाघमोडे समजुतीनं म्हणतात. "आत गेलं ते गेलं. अठरावं मिनिट. लिहा."

बाई जाग्या होतात. चार वाजलेत. सुनेनं ठेवलेला चहाचा कप उचलताना हातातून निसटतो. बोटं बुळबुळीत झालीत. काचेच्या तोट्यांना लावतात ते ग्रीस. घरात असली वस्तू नाही, कधी नव्हतीच. त्या पदराला बोटं पुसतात. पदरावर डाग उतरतो, आणि बोटांवर ते होतं तेवढंच राहतं.