तेलाच्या डब्यातला मोगरा

फट्ट! एवढाच आवाज. पण तो अजून कानात आहे.

दिग्रसच्या आमच्या, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगमध्ये मशिनी चालत, तेव्हा शेजारी ओरडलेलं ऐकू येत नसे. त्या वर्षांत कापूसच येईना, मशिनी उभ्या. रिकाम्या जिनिंगमध्ये किस्से साठतात. मी दाबलेल्या कापसाच्या गठाणी उचलणारा. गठाणी नव्हत्या, म्हणून हेच उचलून ठेवले.

आवाज झाला तसे हेडक्लार्क वामनराव खुर्चीतून उठले. "कोणाचा टायर गेला?"

टायर नव्हता. त्यांच्या बायकोच्या, कुसुमताईंच्या मोगऱ्यानं तेलाचा डबा फाडला होता. मोगरा ताईंच्या माहेरचा. घरी नळाला पाणी नाही, जिनिंगला विहीर, म्हणून इथं ठेवलेला. ठेवताना ताई म्हणाल्या होत्या, "हा गेला तर तुम्हीपण इथंच राहा."

*

मोठ्या कुंडीत हलवायचा, पण कधी? वामनरावांनी पंचांग काढलं. फिटर गुलाब म्हणाला, "बाबूजी, मोगऱ्याचं लगन लावून राह्यले काय? ऊन उतरलं का हलवू."

मुहूर्त नेमका ऊन उतरतानाचाच निघाला. दोघंही दिवसभर नाराज.

*

पत्रा कापला. मुळं एकमेकांत गुंतून डब्यासारखीच चौकोनी झालेली.

गुलाब म्हणाला, "हे त गठाण हाय. प्रेस मारलेली."

मी मुळं बोटांनी हळूहळू मोकळी केली. वामनराव शेजारी उभं राहून मुळांनाच म्हणत होते, "सॉरी हं, सॉरी."

*

रहीमभाई आमचे ग्रेडर. कापसाचा धागा ओढून प्रत सांगायचे. त्यांनी कुंडीतली माती चिमटीत धरून ओढली.

"लांबी नाही. झाडाच्या बुडाले सरकी टाका, सडली का खत होते."

टाकली. मूठभर.

*

मोगऱ्याची सगळी पानं गळली. वामनरावांचा जेवणाचा डबा दुपारी तसाच परत जाऊ लागला. आणि एका सकाळी कुंडीत हिरवा कोंब! त्यांनी पेढे वाटले, घरीही सांगितलं.

आम्ही सगळे कापसातले. दुसऱ्याच आठवड्यात ओळखलं. सरकी उगवली होती, ती पऱ्हाटी होती, कापसाचं झाड. पण पेढा खाल्लेला. सांगणार कोण?

पिवळं फूल आलं तेव्हा वामनरावच हळूच म्हणाले, "उपटू नका रे. घरी हिरवं आहे म्हणून सांगितलंय."

*

पुढं बोंड फुटलं. त्या दिवशी घरी ताईंनी विचारलं, "कळी दिसते का?"

वामनराव खोटं बोलणारे नव्हते. "पांढरं दिसतंय," म्हणाले.

दुपारी ताई स्वतः जिनिंगमध्ये आल्या. वामनराव कुंडीच्या आड उभे, आम्ही वामनरावांच्या आड.

ताईंनी पऱ्हाटीकडे पाहिलं. मग आमच्याकडे. मग खाली बसून पानं बाजूला सारली. सावलीत, वाळक्या काडीच्या बुडाशी मोगऱ्याची दोन पानं होती, नखाएवढी. आम्हा कोणाला दिसली नव्हती.

त्यांनी बोंडातला कापूस काढला, सरकी वेगळी केली, तळहातावर वळून दिव्याची वात केली आणि वामनरावांच्या खिशात ठेवली. कुंडी कडेवर घेतली. पऱ्हाटी त्यांच्या डोक्यावर डुलत होती.

आणि फाटकातून निघून गेल्या.