पाच खुर्च्यांचं कोर्ट

"हिच्या हातचे मोदक आपण बाप्पापुढे ठेवले," मॅडम म्हणाल्या, आणि माझ्यादेखत उरलेले मोदक कचऱ्याच्या काळ्या पिशवीत ओतले.

मी मोदकपात्र घासत होते. हात तसेच साबणात राहिले.

झालं होतं एवढंच. अबुधाबीत, खलिफा सिटीतल्या त्या व्हिलात मी स्वयंपाकाला. दीड दिवसाचा गणपती. मोदक खाऊन सगळे मावशी मावशी करत होते. तेवढ्यात मुसफ्फात वर्कशॉप असलेले एक साहेब माझ्याच तालुक्यातले निघाले. गावात घर कुठंसं, म्हणाले. मी म्हटलं, बौद्धवाडीत. लपवायचं काय त्यात? कुणी विचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं नव्हतं. पण त्या एका शब्दासरशी मावशीची 'ही बाई' झाले.

विसर्जन झालं आणि हॉलमध्ये कोर्ट भरलं. हो, कोर्टच म्हणत होते, हसत हसत. आपल्यात असलं प्रकरण पंच मिटवतात, असं आमचे सर, म्हणजे मॅडमचे मिस्टर, म्हणाले. आरोप काय, तर मी फसवलं. शिक्षा आधीच ठरलेली. सगळ्यांसमोर नाक घासून माफी, नाहीतर व्हिसा कॅन्सल आणि यल्ला, चल गावी.

आता जज कोण, ते ऐका. वर्कशॉपवाले साहेब. शारजात हमरिया फ्री झोनमध्ये पाइप विकणारे एक. एक इन्शुरन्सवाले. आणि सर. झाले चार. पण पंच म्हणजे पाच हवेत ना! पाचवे दुबईहून येताना ट्रॅफिकमध्ये अडकले. मग पाचव्या खुर्चीवर बसवलं कुणाला? मॅडमना. तक्रार त्यांची, निकालही त्यांचाच. एवढ्या डिग्रीवाल्यांत एकालाही त्यात काही खटकलं नाही. आकडा जमला, खलास.

मी चौथी शिकलेली. पुढचं सगळं वाचून वाचून. जज व्हायला कायदा शिकावा लागतो, एवढं कुणालाही कळतं. यांची लायकी काय? बूड टेकायला खुर्ची मिळाली, ही. तीही भाड्याच्या व्हिलात.

जिन्यावरून मॅडमची मुलगी म्हणाली, "जस्ट से सॉरी, आजी. इट्स नॉट अ बिग डील." पोर मायेनं बोलली. पण त्या एका सॉरीत माझी आई, तिची आई, सगळ्या पुन्हा वाकल्या असत्या.

भीती होती. खोटं कशाला सांगू? पासपोर्ट सरांच्या कपाटात होता.

"मग बाई, घासताय ना नाक?" वर्कशॉपवाल्यांनी विचारलं.

मला खाली फरशीवर बसवलं होतं. मी उठले.

"तुम्हाला जज केलं कुणी? फिर्याद करणारी निकाल द्यायला बसते, त्याला कोर्ट नाही म्हणत, भातुकली म्हणतात. खेळा तुम्ही. मी नाही तुमच्यात."

पाइपवाले मोबाइल बघायला लागले. असले जज.

दुसऱ्या दिवशी सरकारी ऑफिसात जाऊन तक्रार टाकली. पासपोर्टची, आणि मोदकांचीही. जातीवरून भेद करणं इथल्या कायद्यात गुन्हा आहे, एवढं वाचलं होतं. तिथला मल्याळी टायपिस्ट म्हणाला, अम्मा, मोदक का भी लिखूँ? म्हटलं, वही पहले लिखो.

प्रकरण कोर्टात जाईल. जज एक असो की तीन, अरबीत बोलोत, दुभाषा सांगेल. हरेनही कदाचित. पण तिथं मॅडम खुर्चीवर नसतील, माझ्या शेजारी उभ्या असतील. मोदक का फेकले, ते त्यांना स्वतःच्या तोंडानं, सगळ्यांसमोर सांगावं लागेल. ते ऐकल्याशिवाय मी या देशातून हलत नाही.