दुसऱ्या सहीपर्यंत

किस्से टेबलावरच्या धुळीसारखे असतात. कोणी आणून टाकत नाही, तरी थर बसतो. सरकारी कचेरीतून रिटायर झाल्यावर मी बेळगावबाहेरच्या एका छोट्या फ्लाइंग क्लबच्या टेबलावर येऊन बसलो. विमानं चार, उडणारी दोन. विद्यार्थी दहा-बारा. उडण्याआधी रजिस्टरमध्ये विद्यार्थ्याची एक सही घ्यायची, उतरल्यावर दुसरी. दुसरी मिळेपर्यंत मी चहा पीत नाही.

* * *

तेजस्विनी वकिलांची मुलगी. उड्डाणाआधी वाचायची चेकलिस्ट तिनं तोंडपाठ केली होती. कॉकपिटमध्ये बसून ती डोळे मिटून घडाघडा म्हणायची. आमचे शिकवणारे सर एकदा शेजारी बसले आणि त्यांनी गुपचूप पेट्रोलचा कॉक बंद केला. हिनं "फ्युएल, ऑन" म्हटलं आणि पुढं गेली.

सरांनी तिला खाली उतरवलं. म्हणाले, "पाठांतराचं बक्षीस शाळेत मिळतं. इथं श्रद्धांजली मिळते."

तेव्हापासून ती एकेका ओळीवर बोट ठेवून वाचते, बँकेत अंगठा देणाऱ्या म्हातारीसारखी.

* * *

ऑफिसात एका तरुणाचा फोटो आहे. हार दर वर्षी बदलतो. एका नव्या मुलानं विचारलं, "काका, हे क्लबचे संस्थापक का?"

"नाही. विद्यार्थी. गावावरून खाली येऊन आईला टाटा करायला गेले होते. मध्ये विजेची तार होती."

त्यानं फोटोला नमस्कार केला. मग हळूच विचारलं, "आईला दिसलं का?"

मी रजिस्टर पुढं सरकवलं.

* * *

विनायक सदलग्याचा. त्याचे वडील आप्पा एकदा क्लब बघायला आले. पंखावर टिचकी मारून म्हणाले, "ह्यो पत्रा तर आमच्या तेलाच्या डब्यापेक्षा पातळ हाय."

मग पोराला चहा आणायला पाठवलं आणि सरांना म्हणाले, "सर, डॉक्टरनं मला दिवाळीपतोर सांगितलंय. त्याच्या आत पोरगं एकदा घरावरनं जाऊ द्या की. एकटं. त्याला माझं काय सांगू नगा."

विनायकला सगळं ठाऊक होतं. रिपोर्ट त्यानंच आणले होते.

सर कोणासाठी रूट बदलत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी नकाशा काढला. विनायकच्या एकट्यानं करायच्या लांबच्या उड्डाणाची रेघ संकेश्वर, निपाणी करून सदलग्यावरून ओढली. पोराला इतकंच म्हणाले, "उंचीवरनं जायचं, सरळ यायचं. हात करायला खाली उतरलास तर परत विमानाला शिवायचं नाही."

* * *

तेजस्विनी कणकुंबीच्या बाजूला निघाली होती. पुढं ढग दिसले, ती दहा मिनिटांत परत आली. मुलं हसली. विनायक म्हणाला, "घाबरलीस व्हय गं?"

"व्हय. काकांचा चहा राहिला असता."

सरांनी त्या संध्याकाळी सगळ्यांना कुंदा वाटला. लायसन्स मिळालं तरी ते कोणाला बत्तासा देत नाहीत.

* * *

विनायकचा दिवस दिवाळीच्या आधी आठ दिवस ठरला. नऊला उड्डाण, साडेनऊला सदलगा. तिकडं गल्लीतल्या सगळ्या गच्च्या भरल्या होत्या. आप्पांना खाटेसकट वर नेलं होतं.

विनायकनं मोबाइल माझ्या खणात ठेवला. तो कॉकपिटमध्ये चालत नाही. पहिली सही केली आणि विमानाकडं गेला. उडण्याआधी टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या नळीत काढून बघायचं असतं. पाणी असलं तर ते तळाशी बसतं. त्यानं बघितलं. ओतून दिलं. पुन्हा काढलं, पुन्हा बघितलं. असं सहा वेळा. सर लांबून बघत होते.

शेवटी तो नळी घेऊन त्यांच्याकडं आला. "सर, पाणी हाय. येतच ऱ्हायलंय."

"मग?"

"आज न्हाय जात."

सरांनी मान डोलावली. दोन्ही विमानांत त्याच टँकरचं पेट्रोल. आता सगळं उपसून, तपासून होईपर्यंत पंधरा दिवस जाणार. म्हणजे दिवाळी गेली. हे आम्हा तिघांनाही कळत होतं. विनायक चाकांना ठोकळे लावायला गेला. घरी कळवायला त्याची जीभ उचलेना, आणि फोन करायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

साडेनऊ वाजून गेल्यावर खणातला मोबाइल वाजला. मी उचलला, क्लबातून बोलतोय म्हणालो.

"साहेब, आप्पा बोलतोय. विन्या अजून वरच असंल न्हवं? उतरला की सांगा त्याला, दिसलं म्हणावं."

"काय दिसलं, आप्पा?"

"काय म्हंजे? इमान. बराबर घरावरनं गेलं. दोनदा पंख हलवला बघा त्यानं. सर रागं भरतील, त्यांना सांगू नगा."

मागं पुष्कळ माणसांचा गलका ऐकू येत होता. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. विनायक पाठमोरा उभा राहून विमानाचा पंख दोरीनं जमिनीला बांधत होता.

"सांगतो," मी म्हणालो.